जुलै-ऑगस्टची सुट्टी आणि शीळकरी कस्तूर



एप्रिल-मे लागला की बहारीनमधल्या मराठी घरांत एकच विषय असतो. तिकिटे काढलीत का? केवढ्याला पडली? आणि त्यापाठोपाठ ठरलेली तक्रार, "आपली सुट्टी म्हणजे ऐन पावसात हो!"

तक्रार खोटी नाही. इथल्या आपल्या भारतीय शाळांना मोठी सुट्टी मिळते ती जुलै-ऑगस्टमध्ये. अमेरिकेतली मंडळी डिसेंबरात येतात. त्यांच्या वाट्याला गुलाबी थंडी, हुरडा, लग्नसराई, संगीत महोत्सव. आपल्या वाट्याला काय? आंबे संपलेले, दिवाळी लांब, कपडे वाळत नाहीत, लोकल कधी बंद पडेल नेम नाही आणि मुले दर दोन तासांनी विचारतात, "पाऊस कधी थांबणार?"

या तक्रारीवर आमच्याकडे एक उत्तर आहे. सह्याद्रीत एक पक्षी असा आहे की त्याचे वेळापत्रक आणि आपल्या शाळांचे वेळापत्रक अगदी जुळते. डिसेंबरात येणाऱ्यांना तो दिसला तरी त्याचे गाणे ऐकायला मिळेलच असे नाही. आपल्याला मात्र ते ऐन बहरात मिळते, तेही फुकट! त्याचे नाव शीळकरी कस्तूर. इंग्रजीत त्याला मलबार व्हिसलिंग थ्रश म्हणतात.

आम्ही पेशाने संगणकवाले, शिक्षणाने इंजिनिअर. पक्षीतज्ज्ञ मुळीच नाही. पण गेल्या काही सुट्ट्यांत या पक्ष्याने आम्हाला असे काही धरून ठेवले की म्हटले, आपल्या मंडळींनाही सांगावे. पुढच्या सुट्टीची आखणी करताना उपयोगी पडेल.

हा आहे तरी कसा?

आकार साळुंकीपेक्षा थोडा मोठा, चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत साधारण २५ सेंटीमीटर. लांबून पाहिला तर नुसता काळा दिसतो. "हा काय, कावळ्याचे पिल्लू!" असे म्हणून आपण पुढे निघून जाऊ. पण उजेड तिरका पडला की कपाळावर आणि खांद्यावर असा काही निळा रंग चमकतो की पाहत राहावे. चोच काळी, पाय काळे. नर आणि मादी दिसायला सारखेच. पिल्ले जरा तपकिरी असतात आणि त्यांच्या कपाळावर तो निळा टिळा नसतो.

गंमत म्हणजे हा निळा रंग खऱ्या अर्थाने रंग नाहीच. पिसात निळ्या रंगाचे काही द्रव्य नसते. पिसाच्या आत अतिशय सूक्ष्म अशी एक रचना असते. तिच्यावर प्रकाश पडला की त्यातला निळा भाग विखरून आपल्याकडे परत येतो आणि बाकीचा भाग पिसातले काळे द्रव्य शोषून घेते. म्हणूनच कोन बदलला, ढग आले, की निळा दिवा मालवतो आणि पक्षी पुन्हा काळा. या घराण्यातल्या एका जातीच्या पिसांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की ही पिसे अतिनील किरणही परावर्तित करतात. आपल्याला ते दिसत नाहीत, पण पक्ष्यांना दिसतात. म्हणजे आपण पाहतो त्यापेक्षा त्याच्या जोडीदाराला तो कितीतरी जास्त नटलेला दिसत असणार!

नऊ भावांचे घराणे

शीळकरी कस्तूर एकटा नाही. शास्त्रज्ञ ज्याला प्रजाती म्हणतात, म्हणजे जवळच्या नातेवाईक जातींचा एक गट, तशी त्यांची एक प्रजाती आहे. नाव मायोफोनस. तिच्यात आज नऊ जाती मानतात आणि सगळ्याच्या सगळ्या आशियातल्या. बहुतेकांना डोंगर हवा, झाडी हवी आणि जवळ वाहते पाणी हवे.

सर्वांत मोठा पसारा आहे निळ्या शीळकऱ्याचा. मध्य आशियातल्या डोंगरांपासून संपूर्ण हिमालय, चीन आणि पार आग्नेय आशियापर्यंत तो आढळतो. मसुरी, नैनितालला गेला असाल तर तुम्ही त्याला नक्की ऐकले असेल. एक भाऊ तैवानमध्ये, एक मलेशियाच्या डोंगरांत. सुमात्रा, जावा आणि बोर्निओ या बेटांचेही आपापले शीळकरी आहेत. श्रीलंकेतला भाऊ फक्त तिथल्या मधल्या डोंगराळ भागात राहतो. जंगल कमी होत गेल्याने त्याची गणना आज धोक्यातल्या पक्ष्यांत होते.

आणि आपला? आपला सह्याद्रीचा. गुजरातेतल्या डांगपासून दक्षिणेकडे केरळापर्यंत सगळा पश्चिम घाट त्याचा. शिवाय सातपुड्याच्या रांगांत आणि पूर्व घाटातल्या काही डोंगरांतही तो आहे. पण जगात इतरत्र कुठेही नाही. सुदैवाने तो आज धोक्यात नाही.

शास्त्रीय नावात त्याला हॉर्सफिल्ड हे नाव चिकटले आहे. थॉमस हॉर्सफिल्ड हे अमेरिकन डॉक्टर. त्यांनी जावामध्ये बरीच वर्षे निसर्गाचा अभ्यास केला आणि पुढे लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या संग्रहालयाचे काम पाहिले. १८३१ साली निकोलस व्हिगर्स यांनी आपल्या पक्ष्याला त्यांचे नाव दिले. ज्या सह्याद्रीत हा पक्षी पिढ्यान्पिढ्या गातो आहे, तिथल्या कोणा धनगराचे किंवा कातकऱ्याचे नाव काही त्याला लागले नाही. असो. त्या काळी कंपनी सरकारचा कारभार होता, नावेही तशीच पडली.

फोल्डर बदलला!

आता आमच्या व्यवसायाच्या जवळची गोष्ट. कस्तूर म्हणजे थ्रश. साहजिकच हा पक्षी कित्येक वर्षे थ्रशच्या कुलात ठेवलेला होता. आकार तसा, उड्या मारत चालणे तसे, आणि नावातही थ्रश. मग गुणसूत्रांतल्या डीएनएची तुलना करायचे तंत्र आले. २०१० च्या सुमारास अशा अभ्यासांतून स्पष्ट झाले की आपण फाईल चुकीच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. शीळकरी हे खरे थ्रश नव्हेतच. त्यांचे नाते माशीमार पक्ष्यांच्या कुलाशी आहे. तेव्हापासून त्यांचा मुक्काम तिकडे हलला.

यातली खरी मौज पुढे आहे. मायोफोनस हे नाव डच शास्त्रज्ञ टेमिंक यांनी १८२२ साली दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो माशा मारणारा. डीएनएचा पत्ताही नसताना दिलेले नाव, आणि जवळजवळ दोनशे वर्षांनी पक्षी जाऊन बसला तो नेमका माशीमारांच्या कुलात! प्रत्यक्षात हे महाराज नुसत्या माशांवर समाधान मानत नाहीत. किडे, गांडुळे, गोगलगायी, छोटे बेडूक आणि ओढ्यातले खेकडे हे त्यांचे जेवण. जोडीला रानफळे.

कुल बदलल्याने आपला एक फायदा झाला. आता हा पक्षी आपल्या ओळखीच्या मंडळींचा भाऊबंद ठरला. परसात शेपटी वर करून गाणारा दयाळ याच कुलातला. शेताच्या बांधावर उड्या मारणारा चीरकही याच कुलातला. आणि हिवाळ्यात बहारीनच्या वाळवंटात दगडावर ताठ उभे राहून मान डोलावणारे रणगोजे आपण पाहतो ना, तेही त्याच कुलातले. म्हणजे खेकडे खाणारा पावसाळी शीळकरी आणि साखीरच्या उघड्या माळावर फिरणारा रणगोजा हे लांबचे का होईना, पण नातेवाईक. आपल्यासारखेच म्हणा ना, घराणे एकच, कोणी घाटावर राहिला, कोणी आखातात आला!

पावसातच का गातो?

हिवाळ्यात माथेरानला गेलात तर शीळकरी कस्तूर एखादेवेळी दिसेल. ऐकू येईल ती मात्र एक तीक्ष्ण, लांबट "क्रीऽऽ" अशी हाक. ते त्याचे गाणे नव्हे. गाण्याला सुरुवात होते ती उन्हाळ्यात, आणि पाऊस पडू लागला की ते रंगात येते.

कारण सोपे आहे. पक्षी गातो तो मुख्यतः आपली हद्द जाहीर करायला आणि जोडीदारासाठी. शीळकऱ्याचा विणीचा हंगाम ऐन पावसाळ्याशी जोडलेला आहे. पाऊस आला की सुकलेले ओढे वाहू लागतात. गांडुळे वर येतात, बेडूक जागे होतात, दगडाखालून खेकडे बाहेर पडतात. पिल्लांना भरवायला याहून चांगला काळ नाही. ओढ्याकाठच्या कपारीत, खडकाच्या आडोशाला, कधी झाडाच्या ढोलीत, तर कधी चक्क घराच्या वाशावर मुळ्या, गवत आणि शेवाळाचे घरटे बांधले जाते. त्यात दोन ते चार अंडी. आई-बाबा दोघेही आळीपाळीने उबवतात आणि साधारण १६-१७ दिवसांत पिल्ले बाहेर येतात.

एक आकडा देतो, म्हणजे या पक्ष्याचे जग आणि आपले इथले जग यांतला फरक लक्षात येईल. बहारीनमध्ये वर्षभरात सरासरी ७०-८० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला पडतो साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे. इथे वर्षभरात पडतो तेवढा तिथे जुलैत एका दिवसात पडून जातो आणि कोणी मान वर करून बघतही नाही. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांना पाऊस म्हणजे शाळेला मिळालेली सुट्टी आणि रस्त्यात साचलेले पाणी एवढेच माहीत. ज्या पावसावर एक अख्खे रान संसार मांडते, तो पाऊस त्यांनी पाहिलेला नसतो.

ओढ्याच्या गोंगाटात शीळ

आमच्यातला इंजिनिअर इथे जागा होतो. पावसाळ्यात ओढ्याकाठी उभे राहून बोलून पाहा. शेजारच्या माणसालाही ओरडून सांगावे लागते. मग एवढासा पक्षी एवढ्या गोंगाटात ऐकू येतो कसा?

ओढ्याचा आवाज म्हणजे खालच्या-वरच्या अनेक पट्ट्यांतल्या आवाजांची भेळ. त्याची शक्ती सगळीकडे पसरलेली असते. आपले बोलणेही तसेच पसरलेले, त्यामुळे ते त्या भेळेत विरघळून जाते. शीळ मात्र शुद्ध स्वर असते. तिची सगळी शक्ती एका बारीक रेघेत एकवटलेली असते. त्या एका पट्टीपुरती ती ओढ्यावर मात करते आणि कानापर्यंत पोचते. कॉलेजमध्ये सिग्नल आणि नॉइजचे प्रमाण शिकलो होतो, त्याचे इतके सुंदर उदाहरण कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हते.

हा प्रयोग घरी मुलांबरोबर करून पाहा. बाथरूममधला शॉवर पूर्ण सोडा. एकाने आत उभे राहून नेहमीच्या आवाजात बोलायचे, मग शीळ घालायची. दुसऱ्याने बाहेर हॉलमध्ये उभे राहून ऐकायचे. बोलणे कळणार नाही, शीळ कळेल. पाणी फार सोडू नका, बहारीन आहे. दोन मिनिटे पुरे!

गाणे ओळखायचे कसे?

या पक्ष्याचे गाणे ओळखायला पक्ष्यांची काहीही माहिती लागत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हटकून वाटते की कोणीतरी माणूस शीळ घालतो आहे. तीही अशी की चाल धड आठवत नाही, दोन सूर वर जातात, घसरून खाली येतात, मध्येच थांबतात, पुन्हा भलतीकडूनच सुरुवात. घाई नाही, ताल नाही. शाळेला दांडी मारून रमतगमत निघालेल्या पोराने घालावी तशी शीळ. म्हणूनच इंग्रजांनी त्याचे टोपणनाव ठेवले होते, शीळ घालणारा शाळकरी पोरगा.

काही खुणा ध्यानात ठेवा.

वेळ: तो फार लवकर उठतो. उजाडायच्या आधी, इतर पक्षी गप्प असताना त्याची शीळ सुरू होते. दिवस मावळतानाही गातो. ढगाळ, अंधारलेल्या दिवशी मात्र भर दुपारीही ऐकू येतो.

जागा: वाहते पाणी आणि गर्द सावली. ओढा, नाला, धबधब्याची बाजू, जुन्या बंगल्यामागची घळ.

आवाजाचा पोत: कोकिळेसारखी एकच हाक पुन्हा पुन्हा नाही. दयाळासारखे भरभर आलापही नाहीत. सावकाश, गोल, लांबणारे सूर.

दिसणे: पावसाळ्यात तो दिसलाच पाहिजे असा हट्ट नको. दाट झाडीत काळा पक्षी शोधणे म्हणजे डोळ्यांना शिक्षा. कान उघडे ठेवा, डोळ्यांचे काम नंतर.

तयारी बहारीनमधूनच

निघण्यापूर्वी मुलांना हा आवाज ऐकवून ठेवा. झेनो-कँटो नावाचे संकेतस्थळ २००५ पासून जगभरातल्या पक्ष्यांचे आवाज जमवते आहे. ते मोफत ऐकता येतात आणि आपल्या शीळकऱ्याची ध्वनिमुद्रणे तिथे भरपूर आहेत. मर्लिन नावाचे मोफत ॲप आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सुचवते. तेही फोनवर घेऊन ठेवा.

दुसरी तयारी कानांची. आपण इथे सदैव एसीच्या घरघरीत असतो, त्यामुळे बाहेरचे ऐकायची सवयच मोडते. नोव्हेंबर ते मार्च बहारीनची हवा छान असते. एखाद्या शुक्रवारी सकाळी बुदैया रस्त्याकडच्या खजुराच्या बागांच्या बाजूला फेरी मारा. पांढऱ्या गालाचा इथला बुलबुल ओळखा. तो आपल्या बुलबुलाचा भाऊच. साळुंक्या, होले, पोपट तर आहेतच. तुर्रेवाला हुदहुद गवतात चोच खुपसताना दिसेल. वाळवंटाकडे गेलात तर रणगोजा. तुबलीच्या खाडीवर थंडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो दिसतात. मुलांना एकदा पाच पक्षी ओळखता आले की सहाव्याची भूक आपोआप लागते.

मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा "पक्षीकोश" जवळ असू द्या. पक्ष्यांची मराठी आणि लोकभाषांतली नावे जमवण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. नावे जपण्याचे काम आता आपल्यासारख्यांवर आले आहे.

कुठे जावे?

मुंबई-ठाणे परिसरात उतरणाऱ्यांना फार लांब जायला नको. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि पनवेलजवळचे कर्नाळा, दोन्हीकडे हा पक्षी आहे. पण मुक्कामाला जायचे तर माथेरान उत्तम. गाड्यांना गावात बंदी असल्याने पहाटे हॉर्न नसतो, आणि नेमकी तीच वेळ आपल्याला हवी असते. नेरळहून जाणारी छोटी गाडी पावसाळ्यात साधारणपणे बंद असते, पण अमन लॉज ते माथेरान हा शेवटचा टप्पा चालू असतो. लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर त्याची चौकशी आधी करा.

पुण्याकडच्यांना ताम्हिणी, भीमाशंकर, महाबळेश्वर. कोल्हापूर-सावंतवाडीकडच्यांना राधानगरी आणि आंबोली. कोयना, चांदोली, राधानगरी आणि कासचे पठार ही महाराष्ट्रातली चार ठिकाणे २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. म्हणजे आपण सुट्टीत ज्या घाटातून झोपा काढत गावी जातो, तो जगाचा ठेवा आहे!

मात्र दोन गोष्टी कळकळीने सांगाव्याशा वाटतात. पहिली म्हणजे पाण्यात उतरू नका. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली यायला काही मिनिटे लागतात, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसे बघता बघता वाहून गेली. आपली इथली मुले अशा पाण्याला सरावलेली नसतात. हवामान खात्याने रेड अलर्ट दिला असेल तर घाटाचा बेत सरळ रद्द करा. धबधब्यांवर पावसाळ्यात बंदीचे हुकूम निघतात, तेही पाळा. कस्तूर ऐकायला ओढ्यात उभे राहावे लागत नाही. हॉटेलच्या किंवा मामाच्या घराच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून, चहा घेत ऐकता येतो.

दुसरी गोष्ट फोनची. पक्षी जवळ यावा म्हणून त्याच्याच गाण्याची ध्वनिफीत मोठ्याने लावायची टूम निघाली आहे. कृपा करून हे करू नका. त्याला वाटते की हद्दीत दुसरा नर घुसला. मग तो घरटे, पिल्ले, भरवणे सोडून त्या नसलेल्या शत्रूशी भांडत बसतो. आपण फोटो काढून निघून जातो, भुर्दंड मात्र पिल्लांना पडतो. ध्वनिमुद्रण ऐकायचे ते बहारीनमध्ये, घरी. रानात फोन खिशात.

आणि पिंजऱ्याबद्दल. एके काळी गाणे शिकतो म्हणून हा पक्षी पिंजऱ्यात पाळत असत. भारतात आज तो गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानपक्ष्यांना पकडणे, विकणे, पाळणे यावर बंदी आहे. गावाकडे कोणी हौसेने पिंजरा दाखवला तर मुलांसमोरच हे शांतपणे सांगावे. मुले ऐकत असतात.

थोडा हिशेब

आता शेवटी एक हिशेब मांडतो. आकडेमोड ही आमची खोड समजा.

मूल पहिलीत गेल्यापासून दहावी होईपर्यंत मोठ्या सुट्ट्या येतात दहा. नववीनंतर क्लासेस, परीक्षा, मग त्याचे स्वतःचे मित्र. तेव्हा शेवटच्या दोन सोडून द्या. ज्यांची मुले आता मोठ्या वर्गांत आहेत त्यांचे २०२० आणि २०२१ हे दोन पावसाळे करोनाने खाल्ले. एखाद्या वर्षी सासरचे लग्न, एखाद्या वर्षी नोकरी बदलली म्हणून रजा नाही, एखाद्या वर्षी घरात आजारपण. हाती राहतात तीन ते पाच पावसाळे. त्यातही बँक, आधार कार्ड, दातांचा डॉक्टर, नातेवाईकांकडच्या पंगती वजा केल्या तर आजी-आजोबा आणि नातवंडे यांना मिळून रानात निवांत बसायला मिळेल अशा सकाळी किती उरतात, ते ज्याचे त्याने मोजावे. आम्ही मोजले, तेव्हा आकडा एका हाताच्या बोटांवर मावला.

मुलांना मराठी यावी म्हणून आपण इथे वर्ग चालवतो, नाटके बसवतो, गणपतीत श्लोक पाठ करून घेतो. ते चांगलेच आहे. पण भाषा ज्या मातीतून उगवली तिचा आवाज कानावर पडला नाही, तर "श्रावण", "ओढा", "घळ", "शीळ" हे शब्द मुलांना पाठ करावे लागतात. एकदा का पहाटेच्या अंधारात, कौलांवर पाऊस वाजत असताना, पलीकडच्या घळीतून ती शीळ ऐकली, की "शीळ" या शब्दाचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही.

तेव्हा मंडळी, या सुट्टीत खरेदीच्या यादीतून एक सकाळ वाचवा. पहाटे साडेपाचचा गजर लावा. मुलांना उठवा, शक्य असेल तर आजी-आजोबांनाही बाहेर बोलवा, आणि अर्धा तास कोणीही बोलायचे नाही एवढाच नियम ठेवा.

एक विनंतीही आहे. या पक्ष्याला प्रत्येक खोऱ्यात वेगळे नाव असणार. तुमच्या गावात याला काय म्हणतात ते घरच्या वडीलधाऱ्यांना नक्की विचारा आणि नाव, गाव, तालुका असे लिहून मंडळाकडे पाठवा. सप्टेंबरात सगळे परत आलो की ती यादी याच पानावर छापू. आपल्या बहारीनमध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, सातारा, कोल्हापूर, नाशिक आणि गोवा अशा सगळीकडची माणसे आहेत. एवढी नावे एका गावात बसून कोणाला जमवता येणार नाहीत, आपल्याला येतील.

सुट्टी सुखाची जावो. छत्री विसरू नका, आणि शक्यतो ती बंद ठेवा. लोभ आहेच, तो वाढावा.